ऋणाईत नारायणराव



या पानांतून आपण संतांची चरित्रे वाचता. आज मी एका नटाचे चरित्र सांगायला उभा आहे. तोही असातसा नट नव्हे, उभे तारुण्य ज्याने लुगडे नेसून रंगभूमीवर काढले असा. आमच्या गुरुजींच्या हयातीत हा विषय काढला असता, तर त्यांनी मला फडावरून उठवून टाळकऱ्यांच्या मागे नेऊन बसविले असते. नाटक हा शब्दच त्यांना सोसत नसे. पण मला ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि त्याला कारण आहे.

मी पंचविशीत होतो. एका गावी सप्ताहात माझे काल्याचे कीर्तन झाले. गर्दी लोटली होती. गळ्यात हार मावेनात. म्हातारी माणसे पाया पडत होती आणि मी आपला ताठ उभा. घरी आल्यावर वडिलांना सगळे सांगितले. किती माणसे होती, किती हार पडले, गावातले कोणकोण मोठे लोक पायाशी वाकले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच विचारले, की तू त्यांच्या पाया पडलास का? मी गप्प. वारकऱ्याला हे विचारावे लागावे! आपल्यात तर लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ही पहिली शिकवण. ती मी हारांच्या ओझ्याखाली विसरलो होतो. वडील रागावले नाहीत. त्यांनी नारायणराव राजहंसांची गोष्ट काढली. महाराष्ट्र ज्यांना बालगंधर्व म्हणतो ते नारायणराव. वडिलांनी तरुणपणी त्यांची नाटके पिटात बसून पाहिली होती. त्या रात्री ऐकलेले, आणि पुढे मी वाचून पारखून घेतलेले, ते आता सांगतो.

राजहंस घराणे सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. कृष्णाकाठचे गाव. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची स्थिती बेताची, पण पोराच्या गळ्यात देवाने जे घातले होते ते लहानपणीच दिसू लागले. दहा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांपुढे गाण्याचा योग आला. लोकमान्य काही गाण्याबजावण्यात रमणारे पुरुष नव्हेत, पण त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द गेला की हा तर बालगंधर्वच, आणि तो शब्द जन्माला चिकटला. एवढ्या मोठ्या पुरुषाने दहाव्या वर्षी असे नाव दिल्यावर पोर बिघडायला काय वेळ? आपण रोज पाहतो. एका अभंगाला टाळ्या मिळाल्या की लेकरू आईबापांना जुमानीत नाही.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाकडे लक्ष दिले. कानाच्या दुखण्यावर मिरजेस उपचार करविले, आणि त्याच मिरजेस तो किर्लोस्कर नाटक मंडळीच्या दृष्टीस पडला, असे सांगतात. मंडळीला गरजच होती. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, स्त्रीभूमिका गाजविणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, आणि मंडळी उघडी पडल्यासारखी झाली होती. १९०५ साली सतरा वर्षांचा नारायण शकुंतला होऊन उभा राहिला. गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याला हात धरून अभिनय शिकविला. शब्द कसा टाकावा, पाऊल कसे उचलावे, मान कोठवर खाली घालावी, सारे. पुढे गाण्याचे संस्कार भास्करबुवा बखल्यांचे. गळा देवाचा, पण त्याला वळण गुरूंचे, हे नारायणराव जन्मभर मानीत आले.

या ठिकाणी एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो. आमच्यातले जुने लोक नाटकावर डोळे वटारीत, पण किर्लोस्करांनी पहिल्या नाटकात ज्या साक्या आणि दिंड्या घातल्या त्या कीर्तनातूनच उचलल्या होत्या. पुढे कीर्तनकारांनी नाटकाच्या चालींवर अभंग म्हणून ते व्याजासकट परत घेतले. तेव्हा हे देणेघेणे जुने आहे, बरं का.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

१९११ सालचा मार्च महिना, तारीख १२. मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, नारायणरावांची भामिनी. नाट्यगृह भरणार हे आधीच ठरलेले. आणि त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही लेक देवाघरी गेली. तेविशीही न गाठलेला बाप. मंडळींनी प्रयोग पुढे ढकलण्याचे काढले. ते योग्यच होते, कोणीही नाव ठेवले नसते. नारायणरावांनी नको म्हटले. लोक गावोगावहून आले आहेत, त्यांनी पैसा खर्चिला आहे, आपल्या घरचे दुःख त्यांच्या पदरात का घालावे, हा त्यांचा विचार. त्यांनी तोंडाला रंग लावला आणि भामिनी उभी केली. भामिनी म्हणजे श्रीमंताची लाडकी, मानी, हसरी मुलगी! पुढे बसलेल्यांपैकी कित्येकांना काहीच ठाऊक नव्हते. ते हसत होते, पुन्हा पुन्हा गाणे मागत होते, आणि ती मागणी पुरविली जात होती.

ही गोष्ट वडिलांनी सांगितली तेव्हा मला ती क्रूर वाटली. आजही थोडी वाटते. घरी लक्ष्मीबाई एकट्या, त्या माउलीच्या मनाचे काय झाले असेल, याचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना आपण घरच्या बाईला विसरतो, तसे मी करणार नाही. पण त्या बापाला त्या रात्री नावाची हाव होती असेही मला म्हणवत नाही. समोरच्या माणसांचे आपण देणे लागतो, ही एकच गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली होती, आणि ती शोकाहून वरचढ ठरली.

हेच त्यांच्या आयुष्याचे सूत्र. प्रेक्षकांना ते अन्नदाते म्हणत, मायबाप म्हणत. पडद्याबाहेर येऊन हात जोडून बोलायचे झाले की हाच शब्द. पुष्कळ नट असे म्हणतात, पुढारीही म्हणतात. तोंडाने मायबाप आणि पोटात निराळे, असे आपण पाहतो. नारायणरावांच्या बाबतीत शब्दाला कृतीची जोड होती, म्हणून तो लक्षात राहिला. वाटेल त्याला ते देवा म्हणून हाक मारीत. संस्थानिक आला तर देवा, पडदा ओढणारा गडी आला तर देवा. आपणही वारीत दिसेल त्याला माउली म्हणतो. पंढरीहून परत आल्यावर, दुकानात, शेताच्या बांधावर, भावकीच्या वाटणीत किती दिवस म्हणतो, ते ज्याचे त्याने पाहावे.

कीर्ती किती होती म्हणाल तर आज कल्पना येणे कठीण. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून टेंबे, गणपतराव बोडस आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली स्वयंवर आले, त्यातली रुक्मिणी पाहायला लोक बैलगाड्या जुंपून शहरात येत. नारायणराव जशी साडी नेसत, जसा अंबाडा घालीत, तशी घरंदाज बायका नेसू आणि घालू लागल्या. पुरुष बाईचे सोंग घेतो आणि बायका त्या सोंगासारखे होऊ पाहतात, असा हा उलटा प्रकार. पुरुषांत गंधर्व टोपी निघाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आश्रय दिला. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, अशी साथ राजेरजवाड्यांच्या दरबारीही मिळणे कठीण, ती या मंडळीत नित्याची होती.

एवढे सगळे पायाशी लोळत असताना माणूस कसा राहिला, हा खरा प्रश्न. लोकांनी पुन्हा म्हणा म्हटले की नारायणराव पुन्हा म्हणत. तिसऱ्यांदा मागितले तर तिसऱ्यांदा. आणि तेच पद दर वेळी नव्या अंगाने. रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चाले, आणि लोक पहाटेची गाडी पकडायला नाट्यगृहातून थेट स्टेशनावर जात. शरीर थकत नसेल का? थकत असेलच. पण मागणाऱ्याला नाही म्हणणे त्यांना जमले नाही. हा गुण, आणि पुढे दिसेल की हाच दोष.

एकच प्याला १९१९ सालच्या फेब्रुवारीत बडोद्यास झाले. लिहिणारे राम गणेश गडकरी महिन्यापूर्वीच, जानेवारीत, क्षयाने गेले होते. त्यात नारायणरावांना सिंधूची भूमिका. दारूने नासलेल्या घरातली ती पतिव्रता. शेवटी शेवटी दळण दळणारी, ठिगळाचे लुगडे नेसणारी. जो नट अस्सल जरीचे शालू आणि अत्तर यांसाठी नावाजलेला, ज्याला लोक नटलेला पाहण्यासाठी पैसे देत, त्याने फाटके नेसून उभे राहायचे. दुसरा कोणी असता तर आपले रूप कसे दिसेल म्हणून कुरकुरला असता, नाटककाराला दोन चांगले प्रवेश घालायला लावले असते. इथे नाटककारच हयात नव्हता, मोकळे रान होते. पण सिंधू ठिगळातच उभी राहिली. माझ्या वडिलांनी ही सिंधू पाहिली ती पुष्कळ वर्षांनी, १९४० च्या पुढे. तेव्हा नारायणरावांनी पन्नाशी ओलांडली होती, अंग सुटले होते. वडील म्हणत, पहिली दहा मिनिटे म्हातारा नट दिसला, नंतर सिंधूच दिसली. शेजारी बसलेला एक हमाल ढसढसा रडत होता, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने पिणे सोडले की नाही हे काही वडिलांना कळले नाही.

१९२१ सालची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळी मराठी रंगभूमीवर दोन सिंह होते. एक नारायणराव, दुसरे ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले. आवाज केशवरावांचाही असा, की दूर शेवटच्या बाकावर तलवारीसारखा जावा. प्रेक्षकांत दोन तट होते. कोण मोठा यावरून घराघरांत वाद होत, जसे आपल्यात कोणत्या फडाचे भजन चांगले यावर होतात. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले होते. त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी गांधीजींनी देशाकडे एक कोट रुपये मागितले होते. त्या फंडासाठी दोघांनी एकत्र उभे राहून मानापमान करावे असे ठरले. ८ जुलै १९२१, मुंबई. केशवराव धैर्यधर, नारायणराव भामिनी. तिकिटांचे दर आजवर कोणी ऐकले नव्हते असे लागले, आणि तरी जागा पुरली नाही.

विचार करा, संतहो. दोघांनीही आपले नाव पणाला लावले होते. एका रात्रीत लोक तराजू लावणार, दुसऱ्या दिवशी सगळी मुंबई बोलणार की याच्यापुढे तो फिका पडला. नारायणरावांचे आसन पक्के होते, त्यांना या फंदात पडण्याचे कारण नव्हते. पण ज्या पुरुषाने दहाव्या वर्षी नाव दिले त्याच्या नावाचा फंड होता. कृतज्ञ या शब्दाचा अर्थ पाठशाळेत आम्हाला असा सांगितला, की आपल्यासाठी कोणी काही केलेले जो जाणतो तो. नुसता आठवतो तो नव्हे, जाणतो तो. प्रयोग रंगला. दोघांपैकी कोण जिंकला हे त्या रात्रीचे लोक पुढे जन्मभर भांडून सांगत राहिले, म्हणजे कोणीच हरला नाही. आणि तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने गेले. ती जोडी पुन्हा दिसायची नव्हती.

आता दुसरी बाजू, कारण नुसती आरती ओवाळणे मला पसंत नाही.

नारायणरावांना पैशाचा हिशेब म्हणून कळत नव्हता. प्रेक्षकांनी दिलेले प्रेक्षकांना दाखविण्यात घालवायचे, हा त्यांचा कारभार. द्रौपदी नाटक १९२० साली आणले, त्यात मयसभा उभी करायची म्हणून असा खर्च केला की मंडळीचे कंबरडे मोडले. शालू खरेच हवेत, जर खरीच हवी, अत्तर कनोजचेच हवे. मायबापांना खोटे कसे दाखवायचे? मंडळीच्या बिऱ्हाडी पंगती उठत. आला गेला, पै पाहुणा, ओळखीचा, बिनओळखीचा, सगळे पानावर. टेंबे आधी बाहेर पडले होते, पुढे बोडसही गेले. कर्ज लाखांच्या घरात जाऊन बसले. पैसे कोणी हातोहात नेले, कोणी वहीत भलते लिहिले, हे सगळे झाले असणारच. जिथे मालकच वही उघडत नाही तिथे दुसरे काय होणार?

नादारी घेऊन मोकळे होता आले असते. ते त्यांनी केले नाही. घेतलेले फेडायचे, आणि ते रंगभूमीवर उभे राहूनच फेडायचे, असे ठरवून पुढची वर्षे गावोगाव प्रयोगांमागून प्रयोग केले आणि ते कर्ज वारीत आणले. ज्यांनी बुडविले त्यांची नावे घेऊन त्यांनी कोठे फिर्याद केल्याचे माझ्या वाचनात नाही. पण हेही सांगितले पाहिजे, की मंडळीतल्या शंभर माणसांची चूल या एकाच्या गळ्यावर पेटत होती, आणि मालक भोळा असला म्हणजे त्याच्या भोळेपणाची किंमत नोकरांनाही मोजावी लागते. कृतज्ञता मोठी खरी, पण वही उघडण्यात काही कमीपणा नव्हता.

आणि यात गंमत कशी पाहा. १९३५ साली याच नारायणरावांनी प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या बोलपटात आपल्या नाथमहाराजांची भूमिका केली. प्रथम त्या चित्राचे नाव महात्मा ठेवले होते, सरकारला त्यात गांधीजींचा वास आला, म्हणून धर्मात्मा करावे लागले. नाथांचे हरिजनांच्या घरी जेवणे, ब्राह्मणांचा रोष, हे सगळे त्यात आहे. पैठणचे नाथमहाराज म्हणजे कोण? जनार्दनस्वामींच्या घरी हिशेबात एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिवा लावून बसलेले, आणि सापडल्यावर टाळी वाजवून हसलेले! तो पैचा हिशेब करणारा साधू, आणि त्याचे सोंग घेणारा हा लाखाचा हिशेब न करणारा नट. वडील इथे नेहमी हसत आणि म्हणत, की नारायणरावांनी नाथांची करुणा घेतली, वही तेवढी घ्यायची राहिली.

बोलपटात त्यांचे मन रमले नाही. कारण त्यांच्या जवळचे लोक सांगत ते मला खरे वाटते. समोर माणूस नाही. यंत्रापुढे गायचे, तुकड्यातुकड्याने गायचे, आणि मान डोलावणारा कोणी नाही. ज्याचा देवच प्रेक्षागृहात बसलेला, त्याने रिकाम्या गाभाऱ्यात पूजा कशी करावी? पैसा तिथे होता, नाटकात उरला नव्हता. १९३१ साली बोलपट आले आणि पाहता पाहता नाटकाची थिएटरे त्यांच्याकडे गेली. तरी नारायणराव पुन्हा आपल्या मोडक्या रंगभूमीवर परत आले.

त्याच १९३१ साली त्यांनी कान्होपात्रा नाटक आणले होते. ना. वि. कुलकर्णी यांनी लिहिलेले. मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची ही लेक, तिची कथा आपल्याला काय सांगावी. बेदरच्या बादशहाने मागणी केली, आणि तिने विठोबाच्या पायावर देह ठेवला. पंढरीत राउळातले ते तरटीचे झाड आपण वर्षानुवर्षे पाहतो, हात लावून पुढे जातो. त्या कान्होपात्रेचे अभंग नारायणराव गात तेव्हा थिएटरात बुक्क्याचा वास आल्यासारखे वाटे, असे वडील म्हणत. चोखोबांचा जोहार त्यांच्या गळ्यातून ऐकलेली माणसे तो कधी विसरली नाहीत. जोहार म्हणजे दारात उभे राहून मायबापांना घातलेला नमस्कार. जो माणूस पंचवीस वर्षे रोज रात्री प्रेक्षकांना मायबाप म्हणत आला, त्याला ते शब्द म्हणताना वेगळा अभिनय करावा लागला नसेल.

गोहरबाईंचा विषय पुष्कळ लोक गाळतात, काही लोक फक्त तेवढाच बोलतात. विजापूरकडच्या गोहर कर्नाटकी यांनी नारायणरावांच्या गाण्याचा ध्यास घेतला, अगदी त्यांच्यासारखेच गाऊ लागल्या, आणि १९३८ च्या सुमारास मंडळीत आल्या. त्यावरून समाजाने फार बोलून घेतले, जुनी माणसे तुटली. लक्ष्मीबाई १९४० साली गेल्या. पुढे १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी लग्न केले. पडत्या काळात जवळ राहिल्या त्या याच, आणि त्या १९६४ साली त्यांच्याआधीच गेल्या. लक्ष्मीबाईंना जे सोसावे लागले ते लहान नव्हते. आणि गोहरबाईंना केवळ जातधर्मावरून शिव्या देणारे कान्होपात्रेचे नाटक पाहून डोळे पुसत घरी जात होते, हेही खरे. यापलीकडे मी बोलत नाही.

मग पाय गेले. ज्या पायांची चाल पाहून बायका चालायला शिकल्या ते पाय लुळे पडले. साठीनंतरही कोणी आग्रह केला तर सिंधू म्हणून उभे राहण्याचा खटाटोप त्यांनी केला, पण पुढे ते सुटले आणि बैठक राहिली. बसून भजन म्हणायचे. संतांचे अभंग म्हणायचे. ज्याच्या साथीला थिरकवांचा तबला असे, त्याच्या साथीला कोठे कोणी गावचा पखवाजी असे. जिथे हजारो बसत तिथे पन्नास-साठ माणसे. मिळकत बेताची, राहणे बेताचे. दिल्लीला १९५५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते संगीत नाटक अकादमीचा सन्मान झाला, १९६४ साली पद्मभूषण मिळाले. सन्मान झाले, चूल त्यावर पेटत नाही.

या काळातले एक भजन वडिलांनी ऐकले होते, एका देवळाच्या ओसरीवर. आवाज दमला होता. तार सप्तकात जायचे तिथे ते जात नसत, अलगद वळून येत. वडील म्हणाले, मला वाईट वाटायला लागले, उठून जावे असे वाटले. पण भजन सुरू करण्याआधी त्यांनी समोरच्या त्या मूठभर माणसांना जसा नमस्कार केला, तो त्यांनी भरल्या थिएटरात केलेला मी पाहिला होता. तोच. तितकाच वाकून. गर्दी कमी म्हणून नमस्कार कमी झाला नव्हता, आणि गर्दी गेली म्हणून त्यात गाऱ्हाणेही आले नव्हते. म्हणून मी शेवटपर्यंत बसलो, आणि उठताना त्यांच्या पाया पडायला गेलो तर त्यांनीच देवा म्हणून माझा हात धरला.

एवढे सांगून वडील झोपायला गेले. मी मात्र त्या रात्री गळ्यातून काढून खुंटीला लावलेल्या हारांकडे पाहत बसलो. पुढच्या आठवड्यात त्याच गावी काही कामाने जावे लागले, तेव्हा सप्ताहात स्वयंपाकाची पाणी-लाकडे वाहणाऱ्या म्हाताऱ्याला शोधून काढून त्याच्या पाया पडलो. तो दचकला. महाराज, चुकलात का, असे काहीसे पुटपुटला.

पुण्यात मुठेच्या काठी, संभाजी बागेला लागून, महापालिकेने नाट्यगृह बांधायचे ठरविले. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याचे भूमिपूजन झाले ते नारायणरावांच्याच हस्ते. आपल्याच नावाच्या वास्तूचा पाया आपणच घालायचा, असा योग थोड्यांच्या वाट्याला येतो. पायांनी चालवत नव्हते, तरी त्या मातीला त्यांचा हात लागला. वास्तू पुरी होण्याआधीच, १५ जुलै १९६७ रोजी, पुण्यातच त्यांनी देह ठेवला. पुढल्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, बालगंधर्व रंगमंदिराचे दरवाजे लोकांसाठी उघडले.